रिकाम्याचं वजन

मच्छेच्या फाट्यावर माझा काटा आहे.
माझा म्हणजे मालकाचा. मी बसतो फक्त,
काचेमागं, लाल आकड्यांसमोर, अकरा वर्षं.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
भरल्यातनं रिकामी वजा, उरेल तो माल.
ड्रायव्हर सीटवरच बसून राहिला
तर तोही रिकाम्यात जातो.
पासष्ट किलोचा माणूस
दर खेपेला वजा.

उद्यमबागेतनं बिडाचं ओतकाम येतं,
पंपाची घरं, व्हॉल्व्हच्या कवट्या,
पुण्याला जातं, कोइमतूरला जातं.
सगळ्याचं वजन सांगेन मी.
आतल्या पोकळीचं तेवढं येत नाही.

ती पोकळी निंगव्वा करते.
वाळूत साखर कारखान्याची मळी कालवून,
पेटीत ठोकून, अंगठ्यानं कड पुसून.
तो कोअर साच्यात ठेवतात, भोवती रस ओततात,
गार झालं की वाळू झाडून टाकतात
आणि राहते नुसती जागा,
जिच्यातनं पुढं कुणाच्या तरी शेतात पाणी जाणार.
ती जागा नसेल तर पंप म्हणजे धोंडा.
नगामागं एक रुपया दहा पैसे.
फुटला तर तोही नाही.

पेपरात आलं होतं, जिल्हा वाढला.
मोठा आकडा, शेजारी नव्या कमानीचा फोटो.
ऊन यायचं म्हणून मी तो काचेला चिकटवला.
खोटा नव्हता आकडा.
दिवसाच्या चाळीस गाड्यांच्या नव्वद झाल्यात,
मीच मोजतो की.
पण ती भरल्या गाडीची पावती होती.
रिकामी करून
जिल्हा परत काट्यावर कुणी आणलाच नव्हता.

मग एका कारखान्याला ऑर्डरी झेपेनात,
कोअरचं काम बाहेर द्यायचं ठरलं.
निंगव्वा, शेवंता तरळे, मुल्लांची हसीना
आणि आणखी सहा जणी
पिरनवाडीतली गळकी शेड बघून आल्या.
बँकेत तीनदा गेल्या.
निंगव्वा कन्नडात बोलली, शेवंता मराठीत,
हसीना दोन्हीत भांडली.
मॅनेजर म्हणाला, तारण काय?
हसीनानं पिशवीतला कोअर टेबलावर ठेवला.
थोडी वाळू त्याच्या फायलीत सांडली.
कर्ज मिळालं, मागितल्याच्या निम्मं.
ओव्हन जुना घेतला, दार नीट लागत नाही,
वीट टेकवतात.
नगाला तीन रुपये.
फुटला तर फुटला, नऊ जणींत वाटून.

पहिला टेम्पो माझ्याकडं आला तेव्हा
आठशे चाळीस किलो माल भरला.
मी विचारलं, पार्टीचं नाव?
अकरा वर्षं हे विचारतोय,
उत्तर देताना कुणी इतकं गप्प झालं नव्हतं.
रकान्यात वीस अक्षरं मावतात.
नऊ नावं कशी बसणार?
टेम्पोच्या हौद्यातच वाद लागला,
देवीचं घाला, नको, गल्लीचं घाला, नको.
मागं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारतोय.
शेवटी शेवंता म्हणाली,
"काय बघूलास? सगळ्या, आसं घाल."
घातलं. पार्टीचं नाव: सगळ्या.

टेम्पो उतरला, काटा शून्यावर आला,
तशी निंगव्वा एकटीच लोखंडी पाट्यावर चढली.
चप्पल काढून, देवळात चढावं तशी.
"माझं बघ की."
चाळीस दाखवलं.
"दवाखान्यात शेहेचाळीस भरलं होतं.
वरचे सहा कुठं गेले?"
मी म्हटलं, अक्का, हे मशीन
दहाच्या खालचं बघत नाही.

ती तिथंच उभी राहिली,
उसाच्या ट्रॅक्टरपुढं, उन्हात, अनवाणी.
"मग मशीन बदल की, गा."